पाच-सहा लाखांचे घड्याळ कुठून घ्यावे?

घड्याळ कोणते घ्यायचे हे ठरवण्यात माणसे वर्ष-वर्ष घालवतात. डायल निळी असावी की काळी, केस, म्हणजे यंत्रणेभोवतीची धातूची चौकट, ३९ मिलिमीटरची बरी की ४१ची, पट्टा चामड्याचा की पोलादाचा, यावर घरात आणि मित्रमंडळींत भरपूर खल होतो. ते कुठून घ्यायचे हा प्रश्न मात्र अगदी शेवटी निघतो आणि ‘जिथे स्वस्त मिळेल तिथून’ एवढ्या उत्तरावर मिटतो. एकाच रेफरन्स क्रमांकाचे, म्हणजे नेमके तेच मॉडेल असलेले, घड्याळ मुंबईच्या शोरूममध्ये एका किमतीला, दुबईत दुसऱ्या, एखाद्या इन्स्टाग्राम विक्रेत्याकडे तिसऱ्या आणि वापरलेल्या घड्याळांच्या दुकानात चौथ्या किमतीला दिसते, तेव्हा हा फरक कशाचा आहे हे आधी समजून घेतले पाहिजे. माझ्या मते त्यातला मोठा भाग, पाच वर्षांनी घड्याळ मागे पडू लागले तर कोणाच्या काउंटरवर जाऊन उभे राहायचे आणि तिथला माणूस आपल्याला ओळख देणार की नाही, याचा असतो. म्हणून जागा निवडताना सुरुवात किमतीपासून न करता दुरुस्तीपासून करावी.

पुढील विवेचन मुंबई, पुणे, नाशिक, पणजी अशा शहरांत राहणाऱ्या आणि पहिले किंवा दुसरे चांगले स्विस घड्याळ घेऊ पाहणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून केले आहे.

दुरुस्ती कोण करणार?

स्विस ब्रँडांची नावे मोजू गेले तर डझनांनी निघतात, पण त्यांतील बरेच मोजक्या समूहांच्या मालकीचे आहेत. ओमेगा, लाँजीन, राडो, टिसॉट हे स्वॉच समूहाचे. कार्तिए, आयडब्ल्यूसी, जेजर-लकुल्त्र, पनेराई हे रिशमाँचे. टॅग हॉयर, झेनिथ, हुब्लो हे एलव्हीएमएचचे. रोलेक्स आणि ट्युडर यांची मालकी रोलेक्सचे संस्थापक हान्स विल्सडॉर्फ यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाकडे आहे. ही वंशावळ पाठ करण्याचे कारण एवढेच, की सर्व्हिस सेंटर आणि सुट्या भागांचा पुरवठा बहुधा समूहाच्या हाती असतो. लक्ष्मी रोडवरचा किंवा दादरचा घड्याळजी हाताने कितीही कसबी असला, तरी आजच्या बहुतेक महाग ब्रँडांचे सुटे भाग त्याला कंपनीकडून मिळत नाहीत, आणि भाग मिळत नसेल तर कसब तरी काय करणार? त्यामुळे घड्याळ मनात भरले की त्या ब्रँडच्या संकेतस्थळावर भारतातील सर्व्हिस सेंटर शोधावे, तिथे फोन करावा आणि तीन गोष्टी विचाराव्यात: हे मॉडेल भारतातच उघडले जाते की परदेशी पाठवावे लागते, पूर्ण सर्व्हिसला साधारण किती आठवडे लागतात, आणि आजचा दर काय आहे. यांत्रिक घड्याळाला पाच ते आठ वर्षांनी सर्व्हिस लागते असे धरावे. रोलेक्स स्वतः सुमारे दहा वर्षांचा काळ सांगते. साध्या तीन काट्यांच्या घड्याळापेक्षा क्रोनोग्राफचा, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या घड्याळाचा, खर्च बराच जास्त येतो आणि खरेदीच्या उत्साहात हे कोणी आपणहून सांगत नाही.

हमीची मुदतही याच वेळी पाहून घ्यावी. रोलेक्सने २०१५ मध्ये आणि ओमेगाने २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय हमी पाच वर्षांची केली. रिशमाँचे कार्तिए, आयडब्ल्यूसी, जेजर-लकुल्त्र आणि पनेराई हे ब्रँड मुळात दोन वर्षांची हमी देतात आणि ग्राहकाने ऑनलाइन नोंदणी केल्यावर ती आठ वर्षांपर्यंत नेता येते. मात्र ही हमी अधिकृत विक्रेत्याने खरेदीची तारीख घालून पूर्ण केलेल्या कार्डावर उभी असते. तारीख नसलेले, किंवा दोन वर्षांपूर्वीच कुणा परक्या दुकानाच्या नावाने सुरू झालेले कार्ड हाती पडले, तर पाच वर्षांतली किती वर्षे शिल्लक राहिली याचा हिशेब ज्याचा त्यानेच करावा.

अधिकृत विक्रेता

अधिकृत विक्रेता म्हणजे ज्याच्याशी ब्रँडने थेट करार केला आहे असे दुकान. दुकान मोठे, जुने आणि झगमगीत असले म्हणजे ते अधिकृत असते असे नाही. त्याहून बारीक गोष्ट अशी, की एकच दुकान एका ब्रँडसाठी अधिकृत आणि शेजारच्याच कपाटातल्या दुसऱ्या ब्रँडसाठी अनधिकृत असू शकते. म्हणून दुकानदाराने भिंतीवर लावलेल्या पाटीवर न थांबता ब्रँडच्या संकेतस्थळावरील ‘दुकान शोधा’ या यादीत त्या दुकानाचे नाव आणि त्याच शाखेचा पत्ता आहे का, हे स्वतः पाहावे. याला दोन मिनिटे लागतात आणि निम्मा धोका तिथेच टळतो.

भारतात या व्यापाराचे दोन प्रकार दिसतात. एक, ब्रँडचे स्वतःच्या नावाचे बुटीक, जसे वांद्रे-कुर्ला संकुलात २०२३ मध्ये सुरू झालेल्या जिओ वर्ल्ड प्लाझासारख्या मॉलमध्ये आढळते. दुसरे, अनेक ब्रँड एकाच छताखाली ठेवणारी दुकाने, ज्यांत २०२२ मध्ये शेअर बाजारात नोंदली गेलेली इथॉस ही देशभर शाखा असलेली साखळी येते आणि पिढ्यान्‌पिढ्या घड्याळे विकणारी कौटुंबिक दुकानेही येतात. बुटीकमध्ये मॉडेलांची निवड मोठी असते आणि काही घड्याळे फक्त तिथेच मिळतात, पण किमतीत घासाघीस जवळजवळ होत नाही. अनेक ब्रँडांच्या दुकानात तीन वेगवेगळ्या कंपन्यांची घड्याळे शेजारी ठेवून मनगटावर घालून पाहता येतात आणि विक्रेत्याला एकाच ब्रँडची भलामण करण्याची गरज नसते. पहिल्यांदा घेणाऱ्याने म्हणूनच आधी अशा दुकानात जावे, दोन-तीन घड्याळे प्रत्येकी दहा मिनिटे हातावर ठेवावीत आणि त्या दिवशी काहीही न घेता घरी यावे.

सवलतीबद्दल स्पष्ट बोलण्यास संकोच करू नये. रोलेक्सच्या दुकानात सवलत मागणे व्यर्थ आहे. मागणी पुरवठ्यापेक्षा जास्त असल्याने तिथे उलट घड्याळ मिळण्याचीच वाट पाहावी लागते. इतर अनेक ब्रँडांच्या बाबतीत, विशेषतः काही काळ कपाटात पडून असलेल्या मॉडेलवर, अधिकृत दुकानदार थोडे खाली येऊ शकतो. रोख सवलत मिळाली नाही, तर जादा पट्टा, पहिल्या सर्व्हिसचा खर्च, किंवा जुन्या घड्याळाची बदलीत चांगली किंमत, यांपैकी काही मागता येते. मी तरी पट्टा मागेन, कारण कंपनीचा मूळ पट्टा नंतर घ्यायला गेल्यास त्याची किंमत ऐकून माणूस खाली बसतो.

प्रतीक्षायादीचे प्रकरण जरा वेगळे आहे. पोलादी रोलेक्स डेटोना, पाटेक फिलिपचे नॉटिलस किंवा ऑडमार पिगेचे रॉयल ओक मागितले, तर विक्रेता नाव लिहून घेतो. पण ही यादी रेल्वेच्या आरक्षणासारखी क्रमाने पुढे सरकत नाही. कोणाला घड्याळ द्यायचे हे दुकान ठरवते आणि त्यात त्या दुकानातून तुम्ही आधी काय घेतले आहे याचा विचार होतो. ‘आधी हे दोन दागिने घ्या, मग बघू’ अशी सूचना आडून आली, तर नको असलेल्या वस्तूंवर खर्च केलेली रक्कम हव्या असलेल्या घड्याळाच्या किमतीत मिळवून पाहावी. अनेकदा ती बेरीज तेच घड्याळ दुय्यम, म्हणजे वापरलेल्या घड्याळांच्या, बाजारात घेण्याइतकी, क्वचित त्याहूनही मोठी निघते.

दुबईला मेहुणा आहे म्हणून

आपल्याकडे महाग घड्याळाचा विषय निघाला की परदेशातला नातेवाईक आठवतोच. दुबईतला मेहुणा, सिंगापूरची बहीण किंवा ऑफिसच्या कामासाठी झुरिकला जाणारा मित्र ‘येताना घेऊन ये’ या एका वाक्यात विक्रेता बनतो. हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे.

परदेशी पर्यटकाला काही देशांत स्थानिक कराचा परतावा मिळतो. संयुक्त अरब अमिरातीत २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे आणि पर्यटकाला त्याच्या ८५ टक्के रक्कम, किरकोळ शुल्क वजा करून, परत मिळते. स्वित्झर्लंडमध्ये २०२४ पासून हा कर ८.१ टक्के आहे, सिंगापूरमध्ये त्याच वर्षापासून ९ टक्के. हाँगकाँगमध्ये विक्रीकरच नाही, म्हणून परतावाही नाही. ब्रिटनने, उत्तर आयर्लंड वगळता, १ जानेवारी २०२१ पासून पर्यटकांचा परतावा बंद केला आहे. लंडनहून घड्याळ आणण्याचा सल्ला देणाऱ्या काकांना ही गोष्ट सहसा ठाऊक नसते. आणखी एक बारकावा असा, की परतावा पर्यटकाला मिळतो. तिथेच राहणारा मेहुणा स्वतःच्या नावाने घेणार असेल, तर त्याला तो मिळत नाही.

आता उदाहरण घेऊ. एका घड्याळाची मुंबईतील किंमत सर्व करांसह ६ लाख रुपये आहे आणि दुबईतील किंमत व्हॅटसह ५ लाख २० हजार रुपयांइतकी आहे, असे धरू. व्हॅटचा भाग सुमारे २४ हजार ८०० रुपये. त्याचे ८५ टक्के परत मिळाले की घड्याळ साधारण ४ लाख ९९ हजारांना पडते. इथपर्यंत एक लाखाची बचत झाली म्हणून सगळे खूश असतात. पण भारतात उतरल्यावर सीमाशुल्काची खिडकी लागते. २०१६ च्या बॅगेज नियमांत परदेशातून परतणाऱ्या रहिवाशाला ५० हजार रुपयांपर्यंतची सूट आणि त्यावरील मूल्यावर अधिभारासह ३८.५ टक्के शुल्क होते. बिलाच्या ५ लाख २० हजारांतून ५० हजारांची सूट वजा केली, तर त्या दराने उरलेल्या ४ लाख ७० हजारांवर सुमारे १ लाख ८१ हजार रुपये शुल्क होते, आणि घड्याळ ६ लाख ८० हजारांना पडते. मुंबईत ते ८० हजारांनी स्वस्त होते. शुल्कमाफीची मर्यादा आणि दर सरकार वेळोवेळी बदलते, म्हणून निघण्यापूर्वी सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर चालू आकडे पाहून हीच आकडेमोड पुन्हा करावी. सूट पाच-पंचवीस हजारांनी वाढली तरी पाच लाखांच्या घड्याळाच्या निष्कर्षात तिने फारसा फरक पडत नाही.

‘हातात घालून यायचे, कोण विचारतो?’ हा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. नवे घड्याळ मनगटावर चढवल्याने ते करमुक्त होत नाही. न सांगता आणलेली वस्तू जप्त करण्याचा आणि दंड लावण्याचा अधिकार सीमाशुल्क अधिकाऱ्याला १९६२ च्या कायद्याने दिला आहे, आणि महाग घड्याळे ओळखण्यात विमानतळावरचे अधिकारी आपल्यापेक्षा तरबेज असतात. शिवाय असे घड्याळ पुढे विमा काढताना किंवा विकताना कागदाअभावी अडते. उलट बाजूने, भारतात घेतलेले महाग घड्याळ घालून परदेशी जाणार असाल, तर जातानाच विमानतळावर सीमाशुल्क विभागाकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे, म्हणजे परतताना ते तिकडूनच आणले नाही हे सिद्ध करत बसावे लागत नाही.

मग परदेशातून घेणे केव्हा शहाणपणाचे? जो माणूस तिथेच राहतो आणि घड्याळ तिथेच वापरणार आहे, त्याने अर्थातच तिथल्या अधिकृत दुकानातून घ्यावे. आखातात, सिंगापुरात किंवा अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना मुंबईचा भाव विचारण्याचे कारण नाही. शुल्कमाफीच्या मर्यादेत बसणारे घड्याळ, उदाहरणार्थ जपानमध्ये फक्त तिथल्या बाजारासाठी निघणारे एखादे सीको किंवा सिटिझन, सहलीतून आणणे सोयीचे आणि आनंदाचेही असते. त्यापलीकडे, भारतात येतच नसलेल्या मॉडेलसाठी शुल्क भरून आणण्याची तयारी असेल, तर तो ज्याच्या त्याच्या हौसेचा प्रश्न आहे.

या संदर्भात एक बदल लक्षात ठेवावा. भारत आणि स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिक्टेनश्टाइन या चार देशांच्या ‘एफ्टा’ गटात १० मार्च २०२४ रोजी झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला. स्विस घड्याळांवर आधी २० टक्के मूळ सीमाशुल्क होते. ते या करारानुसार सात वर्षांत टप्प्याटप्प्याने काढले जायचे आहे. त्याचा लाभ स्वित्झर्लंडहून रीतसर आयात होणाऱ्या घड्याळांना मिळतो, प्रवाशाच्या बॅगेतून येणाऱ्या वस्तूचा दर वेगळा ठरतो, आणि दुकानातली किंमत रुपया-फ्रँकच्या विनिमयदरावर व ब्रँडच्या मर्जीवरही अवलंबून असते. तरीही दिशा एकच दिसते: परदेशी किंमत आणि भारतीय किंमत यांतले अंतर आटत जाण्याकडे कल आहे. ज्याला घाई नाही, त्याला थांबून अधिकृत भारतीय दुकानातूनच घेण्याचे हे एक चांगले कारण आहे.

ग्रे मार्केट

ग्रे मार्केटमधले घड्याळ खरे असते. ते विकणारा मात्र ब्रँडचा अधिकृत विक्रेता नसतो. कुठल्या तरी देशातील अधिकृत दुकानाने न खपलेला माल घाऊक सवलतीत बाहेर काढलेला असतो, आणि तो हातोहात फिरत येतो. किंमत कमी असते, प्रसंगी बरीच कमी. त्याबदल्यात ब्रँडची हमी मिळत नाही किंवा ती कुणा दुसऱ्याच्या नावाने आधीच सुरू झालेली असते, आणि विक्रेता ‘आमची स्वतःची हमी’ देतो. ती हमी म्हणजे त्या विक्रेत्याचा शब्द. त्याचे दुकान पाच वर्षांनी त्याच जागी असेल का, घड्याळ तो कोणाकडून दुरुस्त करून देईल आणि भाग कुठून आणेल, हे त्याला सरळ विचारावे. साध्या, टिकाऊ, लाख-दीड लाखांच्या घड्याळावर तीस टक्के वाचत असतील तर हा धोका पत्करणे मला गैर वाटत नाही. गुंतागुंतीच्या यंत्रणेच्या सहा लाखांच्या घड्याळावर पाच-दहा टक्क्यांसाठी तो घेऊ नये. भारतात आणखी एक कसोटी सोपी आहे. रीतसर आयात झालेल्या घड्याळाच्या खोक्यावर किंवा टॅगवर आयातदाराचे नाव, पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. ते काहीच नसेल आणि विक्रेता जीएसटीचे बिल देण्यास कां-कूं करत असेल, तर ते घड्याळ सीमाशुल्काची खिडकी चुकवून आलेले असण्याचा दाट संभव आहे, आणि अशा वस्तूला ग्रे म्हणणे फारच सौम्य होईल.

वापरलेले घड्याळ

सगळ्यात रंजक आणि सगळ्यात निसरडी जागा हीच. वापरलेल्या घड्याळांच्या व्यापाराला गेल्या काही वर्षांत प्रतिष्ठा आली आहे. रिशमाँने २०१८ मध्ये वॉचफाइंडर ही कंपनी घेतली. रोलेक्सने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतः प्रमाणित केलेली जुनी घड्याळे दोन वर्षांच्या हमीसह अधिकृत दुकानांतून विकण्याचा उपक्रम बुखेरर या स्विस दुकानसाखळीपासून सुरू केला आणि पुढच्याच वर्षी ती साखळीही विकत घेतली. भारतात इथॉसचा सेकंड मूव्हमेंट हा वापरलेल्या घड्याळांचा विभाग आहे, आणि मोठ्या शहरांत स्वतंत्र व्यापारीही आहेत. २०२२ च्या सुरुवातीला शिखरावर गेलेले दुय्यम बाजारातले भाव नंतर बरेच खाली आले, त्यामुळे गुंतवणूक म्हणून घेतलेल्यांचे हात पोळले असले, तरी वापरण्यासाठी घेणाऱ्याला पूर्वीपेक्षा बरे सौदे मिळू लागले.

इथे दुकान निवडणे म्हणजे माणूस निवडणे होय. विक्रेत्याला तुम्ही घड्याळ उघडून दाखवायला सांगावे. चांगला विक्रेता मागचे झाकण काढून यंत्रणा दाखवतो, घड्याळाची चाल मोजणाऱ्या टायमिंग मशीनवर लावतो आणि आकडे तुमच्यासमोर वाचतो. पूर्ण चावी दिलेल्या, नीट राखलेल्या घड्याळाचा झोका, म्हणजे बॅलन्स व्हील किती अंश फिरते तो आकडा, डायल वर ठेवून साधारण २७० ते ३१० अंशांच्या आसपास असतो. तो दोनशेच्या आसपास उतरला तर सर्व्हिस करायची राहिली आहे असे समजून तिचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. गतीबद्दल अवास्तव अपेक्षा ठेवू नये: स्वित्झर्लंडच्या सीओएससी संस्थेचे क्रोनोमीटर प्रमाणपत्रही दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद इतकी मुभा देते.

सेकंदकाटा घरंगळत चालतो म्हणजे घड्याळ अस्सल, हा समज आता टाकून द्यावा. आजच्या नकली घड्याळांतही यांत्रिक यंत्रणा असते आणि काही नकला इतक्या बेमालूम असतात, की झाकण उघडल्याशिवाय जाणकारालाही सांगता येत नाही. तसेच अनुक्रमांक पाहून सालाचा दाखला देणाऱ्यावर पूर्ण विसंबू नये. रोलेक्सने २०१० च्या सुमारास क्रमवार अनुक्रमांक सोडून सरमिसळ क्रमांक देण्यास सुरुवात केली, तेव्हा त्यापुढच्या घड्याळाचे साल कार्डावरूनच कळते, क्रमांकावरून नव्हे. कार्डावरचा आणि घड्याळावरचा क्रमांक अक्षरशः एक-एक अंक जुळवून पाहावा. मूळ खोके, कार्ड, सर्व्हिसची बिले आणि पट्ट्यातून काढलेल्या कड्या असा ‘फुल सेट’ असेल तर थोडे जास्त देण्यात काही वावगे नाही, कारण पुढे विकताना ते परत मिळतात. केसच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत झाल्या असतील, तर घड्याळ बरेचदा पॉलिश झाले आहे आणि गेलेला धातू परत येत नाही.

जुन्या, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांतल्या घड्याळांबाबत आपल्याकडची एक खास अडचण सांगायला हवी. एचएमटी, फेव्हर-ल्यूबा, वेस्ट एंड यांची घड्याळे आपल्या आजोबांच्या हातांत होती आणि त्यांच्यावर जीव असणे साहजिक आहे. परंतु बाजारात चकचकीत लाल, हिरव्या किंवा केशरी डायलची जी जुनी फेव्हर-ल्यूबा आणि एचएमटी दिसतात, त्यांतील पुष्कळांच्या डायल पुन्हा रंगवलेल्या असतात आणि आतले भाग दोन-तीन घड्याळांतून जमवलेले असतात. परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि त्यात आदर नसतो. रोजच्या वापरासाठी, काय आहे ते जाणून, दोन-चार हजारांत असे घड्याळ घेण्यात गंमत आहे. संग्रहणीय म्हणून पंचवीस हजार मोजण्यात नाही. अक्षरांच्या कडा पसरट वाटल्या, ब्रँडचे नाव किंचित तिरके दिसले किंवा डायल नवी आणि काटे मात्र गंजलेले असले, तर ती रिडायल, म्हणजे पुन्हा रंगवलेली डायल, आहे असे समजावे.

परदेशी संकेतस्थळांवरून जुने घड्याळ मागवण्याचा मोह इंटरनेटने वाढवला आहे. जर्मनीतील कार्ल्सरूए इथले क्रोनो२४ हे त्यांतले मोठे नाव. तिथे ग्राहकाचे पैसे माल पोहोचेपर्यंत मध्यस्थ खात्यात ठेवण्याची सोय आहे आणि ती चांगली आहे. भावाचा अंदाज घेण्यासाठी मी ते संकेतस्थळ नेहमी पाहतो. पण भारतातील खरेदीदाराची अडचण वेगळीच आहे: आपल्या विदेश व्यापार धोरणानुसार भांडवली यंत्रसामग्री वगळता इतर जुन्या वस्तूंची आयात निर्बंधित आहे आणि तिला परवाना लागतो. कुरिअरने आलेले वापरलेले घड्याळ सीमाशुल्काच्या गोदामात अडकले, तर शुल्क भरूनही ते सुटेलच असे नाही. देशात आधीपासून असलेलेच घड्याळ घ्यावे, हे उत्तम.

नकली मालाच्या बाजाराबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. मुंबईतील हीरा पन्ना हे संकुल अमेरिकी व्यापार प्रतिनिधींच्या २०२१ च्या कुप्रसिद्ध बाजारांच्या यादीत होते, एवढे सांगितले की पुरे. तिथे नकली वस्तू नकली म्हणूनच मागितली जाते; खरी फसगत व्हॉट्सॲपवर ‘एअरपोर्टचा माल’ किंवा ‘पार्टीला अडचण आहे, आजच द्यायचे आहे’ असे सांगणाऱ्याकडून होते. घाई करणारा विक्रेता कोणत्याही बाजारात टाळावा.

पैसे देताना

जागा ठरली की पैसे बँकेतून द्यावेत. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे आणि दोन लाखांवरील खरेदीला पॅन द्यावे लागते. ‘रोख दिलेत तर कमी करतो’ म्हणणाऱ्याला हे दोन्ही ठाऊक असते. दहा लाखांहून महाग घड्याळावर २२ एप्रिल २०२५ पासून विक्रेता एक टक्का कर वेगळा गोळा करतो. तो आपल्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, म्हणून त्याला किंमतवाढ समजू नये. नव्या घड्याळाच्या बिलावर १८ टक्के जीएसटी दिसला पाहिजे. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला मात्र खरेदी आणि विक्री यांतील फरकावरच कर भरण्याची मुभा आहे, तेव्हा त्याच्या बिलावर पूर्ण किमतीवरचा कर दिसला नाही म्हणून बिचकू नये. बिलच नसेल, तर उठून यावे.

बिलावर ब्रँड, रेफरन्स क्रमांक आणि अनुक्रमांक हे तिन्ही लिहून घ्यावेत, आणि जुने घड्याळ असेल तर ‘अस्सल आहे, नकली निघाल्यास पूर्ण रक्कम परत’ हे वाक्यही. पुढे वाद झाला तर हेच कागद कामी येतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आता ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि ५० लाखांपर्यंतची खरेदी जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते; पुण्याच्या ग्राहकाने दिल्लीतील विक्रेत्याकडून घेतले असले तरी त्याला दिल्लीला खेटे घालावे लागत नाहीत. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

घड्याळ ताब्यात घेताना घाई करू नये. काउंटरवरच वेळ लावून पाहावी, तारखेची चकती मध्यरात्री उडते का ते काटे फिरवून तपासावे, क्रोनोग्राफ असेल तर सुरू करून शून्यावर आणावा आणि त्याचे मोजणीचे सगळे काटे नेमके जागेवर येतात का ते पाहावे. काच आणि केस दुकानातल्या दिव्याखाली न पाहता दाराशी, दिवसाच्या उजेडात पाहावी. हमीचे कार्ड आपल्यासमोर भरून किंवा सक्रिय करून घ्यावे. पट्टा मनगटाच्या मापाचा करताना काढलेल्या कड्या मोजून, खोक्यात ठेवून घ्याव्यात. उन्हाळ्यात मनगट फुगते, त्या पुन्हा लागतात.